पकड सुटलेल्या खुंट्या
सदर : वस्तू आणि वारसा

मानखुर्दच्या पूर्वेला ठाण्याची खाडी आहे आणि खाडीच्या काठाने खारफुटीची दाट किनार. १९९२ साली हार्बर मार्गावरील गाडी खाडी ओलांडून वाशीला जाऊ लागली. तोपर्यंत या फाट्यावरील अखेरचे स्थानक मानखुर्दच होते. मुंबईच्या टाकाऊ वस्तूंच्या प्रवासात मानखुर्दचे ते स्थान आजही बदललेले नाही. मंडाळ्याच्या बाजूच्या भंगाराच्या गोदामांत शहराने नाकारलेले लोखंड, तांबे, लाकूड आणि प्लास्टिक वेगवेगळ्या ढिगांत विभागले जाते. एखादा जुना पियानो या वाटेला लागला, तर त्याचा हिशेब फार लवकर उरकतो. बिडाची चौकट वजनावर जाते, खर्जाच्या जाड तारांवर गुंडाळलेले तांबे वेगळे काढले जाते आणि लाकूड जळणाला उपयोगी पडते. साधारण उभ्या पियानोचे वजन दोनशे किलोंच्या वर असते. त्यामुळे काट्यावरचा आकडा बरा दिसतो, आणि घरातील दहा चौरस फूट जागा मोकळी होते ती निराळीच. मुंबईत दहा चौरस फुटांचे मोल कोणत्याही व्यापारी कुटुंबाला समजावून सांगावे लागत नाही.

पियानो या वाटेला लावताना पुष्कळदा एकच कारण सांगितले जाते : ‘आता तो सुरात राहत नाही.’ कारण खरे असते. पण त्याच्या मागचे निदान झालेले असतेच असे नाही. सूर न टिकण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतील सर्वांत भीतिदायक आणि सर्वांत अधिक गैरसमज असलेले कारण म्हणजे खुंट्या सैल होणे. वडिलोपार्जित पियानो ठेवावा की काढावा, चालून आलेला जुना पियानो घ्यावा की नाकारावा, हा निर्णय शेवटी सव्वादोनशे पोलादी खुंट्यांच्या पकडीपाशी येऊन थांबतो. ती पकड कशामुळे असते, का सुटते आणि कोणत्या क्रमाने परत मिळवता येते, हे घरधन्याला ठाऊक असावे. प्रत्यक्ष दुरुस्ती जाणकाराच्या हातची. पण जाणकाराला काय विचारावे आणि कोणत्या उत्तरावर थांबावे, हे ठरवणे घरधन्याच्या हाती असते.

खुंटीचे काम

मराठी घरांना खुंटी परिचयाची आहे ती तंबोऱ्यामुळे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शिकलगार घराण्यांनी तंतुवाद्ये घडवण्याची विद्या जोपासली आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. तंबोऱ्याची खुंटी लाकडाची आणि निमुळती असते. ती लाकडातच बसते. घसरू लागली तर खडू लावून किंचित आत रेटत फिरवावी, पावसाळ्यात फुगून अडली तर हलक्या हाताने मोकळी करून पुन्हा बसवावी, एवढे ज्ञान गाणाऱ्या घरातील मुलांनाही असते. तारा चार आणि खुंट्याही चार.

पियानोचा संसार याहून फार मोठा आहे. त्याच्या पट्ट्या ८८. परंतु मधल्या व वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन तारा असल्यामुळे एकूण तारा सव्वादोनशेच्या आसपास भरतात आणि प्रत्येक तारेला एक खुंटी लागते. सर्व तारांचा मिळून ताण सोळा ते वीस टनांच्या घरात जातो. एवढा ताण केवळ लाकडाला पेलणार नाही, म्हणून त्यामागे बिडाची अखंड चौकट असते. बोस्टन येथील आल्फियस बॅबकॉक याने १८२५ साली अशा चौकटीचे एकस्व घेतले आणि पुढे पियानोच्या तारा अधिकाधिक जाड व ताठ होत गेल्या.

चौकट ताणाचा मुख्य भार सोसते; तारेला तिच्या नेमक्या सुरावर धरून ठेवण्याचे काम मात्र लाकडाकडेच राहते. चौकटीच्या मागे किंवा खाली कठीण लाकडाची एक जाड फळी असते. कारागीर तिला पिनब्लॉक म्हणतात. मॅपल किंवा बीच या लाकडांचे अनेक थर, एकाचे तंतू दुसऱ्याच्या आडवे येतील अशा रीतीने, एकमेकांवर चिकटवून ती तयार करतात. तिच्यात खुंटीच्या जाडीपेक्षा किंचित लहान भोके पाडून पोलादी खुंट्या ठोकून बसवतात. खुंटी सुमारे सात मिलिमीटर जाड आणि सहा सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. तिच्यावर अतिशय बारीक आटे असतात. परंतु ती स्क्रूप्रमाणे आवळून बसवलेली नसते. तिला जागच्या जागी धरणारी एकच शक्ती आहे, ती म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचे पोलादाशी होणारे घर्षण.

इतर बहुतेक यंत्रांत घर्षण हा तोटा मानला जातो आणि तो कमी करण्यासाठी तेल घालतात. पियानोच्या खुंटीत घर्षण हेच भांडवल आहे. कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल देण्याची सवय असलेल्या हाताने खुंटीपाशी तेलाचा एक थेंब सोडला, तर ते तेल लाकडात मुरते आणि पुन्हा सहजासहजी निघत नाही. गंज सोडवण्यासाठी बाजारात मिळणारे फवारेही येथे तितकेच घातक आहेत. सैल खुंटीला उपाय असतो. तेल प्यालेल्या भोकाला बहुधा भोक नव्याने घडवण्यावाचून उपाय उरत नाही.

पकड किती नाजूक कामाची असते, हे एका साध्या गणिताने कळेल. सात मिलिमीटर जाडीच्या खुंटीचा परीघ सुमारे बावीस मिलिमीटर. ती केवळ एक अंश फिरली, तर तार ०.०६ मिलिमीटरने सैल किंवा ताठ होते. मधल्या सप्तकातील तारेला एवढाही फरक पुरतो : सूर एका अर्धस्वराच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याने हलतो आणि शेजारच्या दोन तारांशी तिची मिळणी बिघडून स्वर लहरू लागतो. पियानो ‘फाटल्यासारखा’ वाजतो असे म्हणतात, ते या लहरींमुळे.

मुंबईची हवा

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांबरोबर पियानो मुंबईत आला आणि हळूहळू पारशी, गोमंतकीय ख्रिस्ती व इतर घरांतही स्थिरावला. मुंबईतील फुर्टाडोज हे वाद्यांचे दुकान १८६५ सालापासूनचे. पुढे चित्रपटांनी पियानोला दिवाणखान्याचे वैभव म्हणून घरोघरी ओळखीचे केले. १९४९ सालच्या ‘अंदाज’मध्ये पियानोपुढे बसलेले दिलीपकुमार जुन्या वाचकांना आठवत असतील. युरोपातील कारखानदारांना येथील हवेची कल्पना होती. उष्ण प्रदेशांसाठी ते वेगळे पियानो बनवत आणि त्यांत केवळ चिकटवणीवर न विसंबता जोडांना स्क्रू व पितळी पट्ट्यांचा आधार देत. कारण त्या काळी चिकटवणी म्हणजे सरस. प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेला हा पदार्थ सतत दमट हवेत मऊ पडतो आणि फळीचे थर एकमेकांपासून सुटू लागतात. पुढे कृत्रिम राळेच्या चिकटवण्या आल्या आणि ही अडचण बरीच कमी झाली.

चिकटवणी उत्तम असली तरी लाकडाचा स्वभाव सुटत नाही. ते हवेतील ओल शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. डिसेंबर-जानेवारीतील दुपारी ती पन्नाशीच्या खाली उतरू शकते. खाडीकाठच्या मानखुर्दमध्ये त्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. आता या फेऱ्यात खुंटीभोवती काय घडते ते पाहावे. पावसाळ्यात फळीचे लाकूड फुगते. पण मध्ये पोलाद उभे आहे आणि ते हटत नाही. त्यामुळे भोकाच्या कडेचे तंतू चिरडले जातात. थंडीत लाकूड आकसते. चिरडलेले तंतू मात्र पूर्ववत उभे राहत नाहीत. भोक किंचित मोठे झालेले असते. एका वर्षात हा फरक जाणवत नाही. चाळीस पावसाळ्यांत जाणवतो.

म्हणूनच एक विचित्र अनुभव येतो. पावसाळ्यात बरा वाटणारा पियानो जानेवारीत अचानक उतरतो आणि घरातील लोक म्हणतात, ‘कोरड्या दिवसांत हा बिघडला कसा?’ बिघाड पावसाळ्यातच झालेला असतो. फुगलेल्या लाकडाने तो झाकून ठेवलेला असतो. वातानुकूलन यंत्र दिवसातून चार तास चालू आणि वीस तास बंद, अशा खोलीत हाच फेरा वर्षातून एकदा न होता रोज थोडाथोडा घडतो.

सैल कोणती, अडलेली कोणती

सूर उतरला म्हणजे खुंटी सैल झाली, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. पियानोची ध्वनिफळी पावसाळ्यात फुगून वर उचलली जाते आणि तारा ताणल्या जाऊन मधल्या भागाचे सूर एकत्रच चढतात; कोरड्या दिवसांत ते एकत्रच उतरतात. हा ऋतूचा परिणाम आहे. त्यात शेजारशेजारच्या तारा साधारण सारख्याच हलतात आणि नेहमीच्या जुळवणीने काम भागते. सैल खुंटीचे लक्षण निराळे आहे : जुळवणी होऊन आठ-पंधरा दिवस झाले नाहीत तोच एखाददुसरी तार एकटीच खाली घसरते आणि तिच्या शेजारच्या दोन तारा जागेवर असतात. कान तयार नसला तरी त्या एका पट्टीचा आवाज लहरत असल्याचे कोणालाही कळते.

जाणकार जुळवणारा हे हातानेच ओळखतो. खुंटीच्या चौकोनी डोक्यावर चावी बसवून तो ती किंचित फिरवतो आणि तिचा विरोध अजमावतो. मापावर पाहायचे तर नव्या पियानोत हा विरोध साधारणपणे १०० ते १५० इंच-पौंडांच्या दरम्यान असतो. तो ४०-५० च्या खाली गेला की खुंटी तारेचा ताण भरवशाने धरू शकत नाही. हात सोडताच खुंटी उलट फिरताना दिसली, तर मापाचीही गरज उरत नाही.

किती खुंट्या सैल आहेत यापेक्षा त्या कोठे आहेत, हे अधिक महत्त्वाचे. सव्वादोनशेतील आठ-दहा खुंट्या इकडेतिकडे विखुरलेल्या असतील, तर दुखणे किरकोळ आहे. तेवढ्याच खुंट्या एका ओळीत लागून असतील, तर फळीला चीर गेली असण्याची किंवा तिचे थर सुटले असण्याची शक्यता असते आणि मग विचार खुंट्यांचा न राहता फळीचा होतो.

अडलेल्या खुंटीचे दुखणे याच्या नेमके उलट, तरी त्रास तितकाच. जुळवणारा चावी दाबतो, खुंटी हलत नाही. तो जोर वाढवतो आणि ती कट्‌ असा आवाज करून एकदम पुढे उडी घेते. सूर हवा त्याच्या वर जातो. परत आणताना तशीच उडी घेऊन खाली जातो. नेमक्या जागी ती थांबतच नाही. येथेही दोन कारणे वेगळी ओळखावी लागतात. खुंटी स्वतःच पिळली जात असेल आणि तिचा पाय भोकात चिकटून राहत असेल, तर दोष भोकात आहे : लाकूड अतिघट्ट आहे, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला आहे किंवा खाऱ्या हवेने पोलादावर गंज धरला आहे. उलट, खुंटी सहज फिरते पण सूर बराच वेळ जागचा हलत नाही आणि मग एकदम बदलतो, असे असेल तर तार वाटेत दाबपट्टीखाली अडकलेली आहे; खुंटी निर्दोष आहे.

गंजलेल्या तारेवर वा खुंटीवर सरळ ताण वाढवणे धोक्याचे. तार तुटून डोळ्याला इजा होऊ शकते. म्हणून चांगला जुळवणारा आधी सूर किंचित खाली उतरवतो. त्याने गंजाची पकड मोडते. मगच तो सूर वर नेतो. भोकात चिकटणारी खुंटी थोडी पुढे, थोडी मागे अशी अनेकदा सावकाश फिरवली, की पुष्कळदा तिची उडी मारण्याची खोड जाते. एवढ्याने न भागल्यास तार उतरवून खुंटी बाहेर काढतात, गंज साफ करतात, भोक स्वच्छ करतात आणि खुंटी पुन्हा बसवतात. दाबपट्टीपाशी अडणाऱ्या तारेला तेथे, आणि केवळ तेथेच, वंगणाचा सूक्ष्म थेंब चालतो. तोच थेंब ओघळून फळीपर्यंत गेला तर अडलेल्या खुंटीची सैल खुंटी होते. म्हणून हे काम घरी करून पाहण्याचे नाही.

दुरुस्तीच्या पायऱ्या

सैल खुंट्यांसाठी अनेक उपाय आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. नियम सोपा : ज्या उपायाने पुढच्या उपायाची वाट बंद होत नाही, तो आधी करावा.

पहिली पायरी हवेची. पियानो बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला लावू नये; खाडीकडच्या उघड्या खिडकीसमोर ठेवू नये; वातानुकूलन यंत्राच्या झोतात तर मुळीच ठेवू नये. खोलीत आर्द्रतामापक टांगावा. आकडा ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिला तर उत्तम. तेवढे न साधले तरी चढउतार कमी करावेत. पावसाळ्यात पियानोच्या आत कमी वॅटचा दिवा लावण्याची जुनी पद्धत आहे. ती वाईट नाही. मात्र दिवा तळाशी असावा, खुंट्यांच्या फळीजवळ नसावा आणि कोरड्या महिन्यांत न विसरता बंद करावा. या पायरीने सैल खुंटी घट्ट होत नाही; परंतु सैल होण्याचा वेग मंदावतो आणि पुढील दुरुस्ती टिकते.

दुसरी पायरी खुंटी थोडी खोल ठोकण्याची. तारेची वेटोळी आणि चौकट यांच्यामध्ये अंतर शिल्लक असेल, तर दोन-तीन मिलिमीटर आत गेलेल्या खुंटीला न चिरडलेले लाकूड मिळते. वेटोळी चौकटीला आधीच टेकली असतील, तर हा उपाय पूर्वीच वापरून झालेला आहे असे समजावे. आडव्या, म्हणजे ग्रँड पियानोत फळीला खालून भक्कम टेकू दिल्याशिवाय हातोडा उचलू नये. एका खुंटीच्या लोभाने अख्खी फळी तडकते.

तिसरी पायरी पाचरीची. खुंटी काढून भोकात पॉलिशपेपरची, पुठ्ठ्याची किंवा पातळ लाकडी पापुद्र्याची पट्टी बसवून खुंटी पुन्हा ठोकतात. एखाददुसऱ्या खुंटीसाठी हे चालून जाते. पन्नास खुंट्यांना पाचरी बसवलेला पियानो मात्र दुरुस्त झालेला नसतो; त्याची दुरुस्ती पुढे ढकललेली असते.

चौथी पायरी गेल्या काही दशकांत रूढ झाली आणि तिने अनेक जुने पियानो भंगारातून वाचवले. अतिशय पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजे ‘सुपरग्लू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिकटवणीचा पाण्यासारखा प्रकार, खुंटीच्या मुळाशी थेंबाथेंबाने सोडतात. ती केशाकर्षणाने खुंटीच्या कडेने खाली झिरपते, चिरडलेल्या तंतूंमध्ये व बारीक चिरांमध्ये भरते आणि घट्ट होते. विशेष म्हणजे खुंटी त्यानंतरही फिरवता येते. चिकटवणी तिला जखडून टाकत नाही, तर भोकाची कड पुन्हा भक्कम करते. उभा पियानो यासाठी पाठीवर आडवा निजवावा लागतो. ग्रँड पियानोतून आधी पट्ट्या व हातोड्यांची यंत्रणा बाहेर काढावी लागते. नाहीतर ठिबकलेला थेंब तीच यंत्रणा चिकटवून टाकतो. चिकटवणीची वाफ डोळ्यांना झोंबते, म्हणून खिडक्या उघड्या आणि लहान मुले दूर हवीत. काही खुंट्यांना हे दोन-तीन वेळा करावे लागते. हा उपाय फसला तरी पुढची पायरी खुली राहते, हा त्याचा मोठा गुण.

पाचवी पायरी जाड खुंटीची. खुंट्या क्रमाक्रमाने वाढत्या मापांत मिळतात आणि प्रत्येक पायरीला जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या हिश्श्याने वाढते. तार सैल करून वेटोळी सोडवायची, जुनी खुंटी सावकाश उलट फिरवून काढायची आणि एक-दोन मापे जाड खुंटी ठोकायची. घाईने विजेच्या यंत्रावर गरगर फिरवून खुंटी काढली, तर उष्णतेने भोकाची कड करपते आणि नवी खुंटीही लवकर सैल होते. फार जाड खुंटी ठोकली, तर दोन भोकांमधील लाकूड चिरते.

अखेरची पायरी फळीची. भोकांत कठीण लाकडाच्या गुल्ल्या बसवून ती नव्याने पाडायची किंवा सगळ्या तारा व चौकट उतरवून नवी फळी घालायची. हे वाद्याचे पुनर्जन्माइतके मोठे काम आहे. उत्तम घडणीच्या ग्रँड पियानोसाठी ते सार्थ ठरते. साधारण उभ्या पियानोच्या बाबतीत त्याचा खर्च वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि तेथे थांबणे हेच शहाणपण.

या पायऱ्यांत एका जुन्या उपायाला जागा नाही. ग्लिसरीन व अल्कोहोल यांचे मिश्रण खुंट्यांभोवती सोडून लाकूड फुगवण्याची एक पद्धत पूर्वी होती. तिने काही महिने खुंट्या धरून राहतात. मग भोक चिकट, मऊ होते आणि त्यात वरील चिकटवणीही नीट धरत नाही. पुढच्या सगळ्या वाटा बंद करणारा हा उपाय आहे.

घेणाऱ्याने पाहावे, विकणाऱ्याने सांगावे

जुन्या इमारतींचा पुनर्विकास, मोठ्या घरातून लहान घरात स्थलांतर, मुलांचे परदेशगमन अशा कारणांनी जुने पियानो विक्रीला निघतात. मुलीच्या शिक्षणासाठी असा पियानो घेऊ पाहणारे कुटुंब त्याची चकाकी, नामांकित कारखान्याचे नाव आणि पट्ट्यांचा शुभ्रपणा पाहते. खरी तपासणी झाकण उघडून आत करावयाची असते. खुंट्यांभोवती काळपट, ओशट वर्तुळे दिसली, तर तेल किंवा फुगवणारे मिश्रण वापरलेले असू शकते. जुन्या मळकट खुंट्यांमध्ये काही चकचकीत नव्या दिसल्या, तर तेवढ्या खुंट्या जाड बसवल्या आहेत. यात वाईट काही नाही, पण किती आहेत ते मोजावे. पुठ्ठ्याची कड डोकावत असेल, वेटोळी चौकटीला टेकली असतील, तर कोणत्या पायऱ्या वापरून संपल्या हे उघड होते. बिडाच्या चौकटीला तडा असेल, तर खुंट्यांची चौकशी करण्याचेही कारण उरत नाही.

कालच सुरात लावलेला पियानो आज गोड वाजणारच. सैल खुंटीही दोन-चार दिवस तार धरून ठेवते. म्हणून जुळवणी झाल्यावर निदान दोन आठवड्यांनी पियानो पुन्हा ऐकावा आणि स्वतःच्या ओळखीच्या जुळवणाऱ्याकडून प्रत्येक भागातील काही खुंट्यांचा विरोध मोजून घ्यावा. त्याला द्यावे लागणारे शुल्क हा व्यवहारातील सर्वांत स्वस्त खर्च ठरतो. पावसाळ्यात घेतलेल्या निर्णयापेक्षा जानेवारीत घेतलेला निर्णय भरवशाचा, हेही वरील विवेचनावरून ध्यानात येईल.

विकणाऱ्याचेही कर्तव्य तितकेच स्पष्ट आहे. कोणत्या खुंट्यांना कोणता उपाय केला, हे कागदावर लिहून पियानोबरोबर द्यावे. कारण पुढचा कारागीर काय करू शकेल, हे आधीच्या कारागिराने काय केले यावर अवलंबून असते. लपवलेला दोष पहिल्या हिवाळ्यात उघड होतो आणि मग एका वाद्याबरोबर विकणाऱ्याचा शब्दही उतरतो. सांगून विकलेल्या दोषाला किंमत कमी येते, पण त्या व्यवहारात पुन्हा तोंड दाखवायला जागा राहते. पेढीवर बसणाऱ्यांना हा हिशेब नवा नाही.

आणि पियानो भंगारात देण्याची वेळ आलीच, तर तो काट्यावर चढण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. बिडाची चौकट अखंड आहे काय? सैल खुंट्या विखुरलेल्या आहेत की एका ओळीत? आणि वरच्या पायऱ्यांपैकी कोणत्या अजून वापरलेल्या नाहीत? चौकट फुटलेली असेल किंवा फळी ओळीने उकललेली असेल, तर साधा पियानो निःसंकोच जाऊ द्यावा. जागेचेही मोल असते. परंतु चौकट शाबूत आहे, खुंट्या पंधरा-वीसच सैल आहेत आणि पातळ चिकटवणीचा प्रयोगही झालेला नाही, असे उत्तर आले, तर तो पियानो कारागिराच्या एक-दोन दिवसांच्या श्रमाने पुढील कित्येक वर्षे वाजू शकतो. स्वतःच्या घरात जागा नसेल, तर संगीत शिकवणारी शाळा किंवा शिकू पाहणारे दुसरे कुटुंब शोधावे आणि तपासणीचा कागद सोबत द्यावा. जुळवणाऱ्याला बोलावण्यास जानेवारी योग्य. तोवर झाकण बंद ठेवावे, खिडकीपासून पियानो दोन हात दूर सरकवावा आणि घरातील तेलाची बाटली त्याच्या आसपास फिरकू देऊ नये.